अतिपातळ धातुपटले व प्रकाश

काच किंवा तत्सम आधारावर चढवलेले, साधारणपणे ५ ते ५० नॅनोमीटर जाडीचे धातूचे थर. मिठाईवरचा वर्ख कितीही नाजूक वाटला तरी या मापाने जाडच. चांदी-सोन्यात दृश्य प्रकाश जेमतेम दहा-वीस नॅनोमीटर शिरतो. म्हणून अशा पटलातून तो काही आरपार जातो, काही परततो, काही शोषला जातो.

सोन्याचा वर्ख आरपार पाहता हिरवा दिसतो. तो तापवला की हिरवा रंग जातो आणि अकीकाने दाबल्यास परततो, असे मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये नोंदवले. मॅक्सवेल गार्नेट यांनी १९०४ मध्ये अशा रंगांची उपपत्ती सूक्ष्म धातुगोलकांवरून मांडली. तिचे सूत्र विरळ कणांपुरते चालते. कण भिडू लागले की ब्रुगमन यांचे (१९३५) सूत्र अधिक जवळचे ठरते. धातूची सुटी बेटे जुळून पटल सलग होण्याच्या उंबरठ्यावर मात्र दोन्ही तोकडी पडतात.

हा उंबरठा काचेवरील चांदीसाठी सुमारे १० नॅनोमीटर. चांदीचे अणू काचेपेक्षा एकमेकांना अधिक धरतात, त्यामुळे आधी बेटेच वाढतात. क्वार्ट्झ-स्फटिक मापक वस्तुमानावरून सरासरी जाडी देतो. त्यावर ६ नॅनोमीटर दिसत असताना काचेवर त्याहून उंच बेटे आणि मधे उघडी काच असू शकते. जर्मेनियमचा १–२ नॅनोमीटर अस्तर-थर पटल गुळगुळीत करतो, पण शोषण वाढवतो. सोन्याखालचे क्रोमियमही चिकटते चांगले, परंतु प्लाझ्मॉन-अनुनाद, म्हणजे प्रकाशाने धातूतील इलेक्ट्रॉनांचे एकत्रित डोलणे, मंदावते.

पातळ पटलाचा वाढीव विद्युत्‌रोध फुक्स (१९३८) व सोंडहायमर (१९५२) यांच्या मते पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन विखुरल्यामुळे, तर मायादास व शॅट्झकेस (१९७०) यांच्या मते पटलातील स्फटिककणांमधल्या सीमांमुळेही. बहुस्फटिकी पटलांना दुसरे मत अधिक लागू पडते.

उष्णतारोधी काचेत ऑक्साइडांच्या थरांमधली १०–१५ नॅनोमीटर चांदी अवरक्त किरण परतवते. ऑक्साइड थर दृश्य परावर्तन कमी करतात. ऐरोली, महापे, बेलापूर अशा खाडीकाठच्या पट्ट्यात अशी काच वापरताना दमट, खारट हवा हाच मुख्य शत्रू. ओलावा व क्लोराइड कडेने शिरले की चांदी गोळा होऊन पांढरे ठिपके उमटतात. यासाठी दुहेरी काच जोडण्यापूर्वी कडेचा सुमारे १० मिलिमीटर लेप खरवडतात आणि लेपाची बाजू आतल्या पोकळीकडे, उष्ण हवामानात बहुधा बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला, ठेवतात. असे ठिपके पडायला उघड्या हाताचा ठसाही पुरतो. तो ठसा पुष्कळदा काच बसल्यावरच दिसतो.