गोडाऊन गेलं कुठं? कंपनी आणि व्हेंडरच्या नात्याची पार्श्वभूमी

चाकणला तळेगाव चौकात सकाळच्या ट्रॅफिकमध्ये गाड्यांच्या पार्टचे टेम्पो किती असतात ते एकदा मोजून बघा. कंपन्यांच्या आतलं गोडाऊन छोटं झालं आणि ते रस्त्यावर आलं असं मी नेहमी म्हणतो. गाड्या बनवणारी कंपनी आणि तिला पार्ट पुरवणारा व्हेंडर यांचं नातं कसं बदलत गेलं ते बघायचं तर माल कुणाच्या अंगावर पडून आहे आणि पैसा कुणाचा अडकलाय एवढंच बघत जायचं.

सुरुवात साठच्या दशकातली. 1962 ला एमआयडीसी झाली, पिंपरी-चिंचवड-भोसरीत प्लॉट पडले, 1966 ला टेल्को (आताची टाटा मोटर्स) पुण्यात आली, आकुर्डीला बजाज. तेव्हा व्हेंडर म्हणायची पद्धत नव्हती, 'अ‍ॅन्सिलरी' म्हणायचे. कंपनीतलाच एखादा टूलरूमवाला नोकरी सोडायचा, शेड घ्यायचा, दोन लेथ टाकायचा आणि आपल्याच जुन्या साहेबाकडून काम आणायचा, ड्रॉइंग कंपनीचं, मटेरियल पण बऱ्याचदा कंपनीचंच, याचं फक्त जॉबवर्क. लायसन्स राजचा काळ, बजाजच्या चेतक स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेले, त्यामुळे रेटवरून फार ओढाताण नसायची आणि स्टोअरमध्ये माल पडून राहिला तरी कुणाची झोप उडत नव्हती. नातं घरोब्याचं होतं पण बरोबरीचं कधीच नव्हतं, हे जुन्या आठवणी काढणारे सोयीस्कर विसरतात.

1983 ला मारुतीची पहिली गाडी बाहेर पडली आणि सुझुकीबरोबर जपानी पद्धत इकडे आली. जस्ट इन टाइम, म्हणजे पार्ट लागेल तेव्हाच आणि लागेल तेवढाच लाईनवर यायचा. टोयोटाने हे बसवलं ते व्हेंडरला वर्षानुवर्षं धरून ठेवून, त्याच्या शॉपमध्ये आपले इंजिनीअर पाठवून, कधीकधी त्याच्या कंपनीत शेअर घेऊन. आपल्याकडे मारुतीने काही व्हेंडरमध्ये भागीदारी केली, पण बाकी बऱ्याच ठिकाणी झालं काय की स्टॉक कमी करायचा भाग तेवढा उचलला आणि धरून ठेवायचा भाग राहून गेला. स्टॉक काय हवेत विरत नाही हो, तो कंपनीच्या स्टोअरमधून व्हेंडरच्या शेडमध्ये गेला, व्याजासकट.

तेवढ्यात अमेरिकेत वेगळंच चाललेलं. 1992 ला जनरल मोटर्समध्ये इग्नासिओ लोपेझ नावाचा माणूस पर्चेस हेड झाला, त्याने चालू कॉन्ट्रॅक्ट बाजूला टाकून व्हेंडरांना परत कोटेशन द्यायला लावली आणि रेट घसघशीत खाली आणले. पुढच्याच वर्षी तो फोक्सवॅगनला गेला, जीएमने गुपितं पळवल्याचा आरोप केला, आणि 1997 च्या तडजोडीत फोक्सवॅगनने 10 कोटी डॉलर दिले शिवाय जीएमकडून 100 कोटी डॉलरचे पार्ट घ्यायचं कबूल केलं (पर्चेसवाल्याच्या भांडणाचा शेवट पण पर्चेस ऑर्डरनेच!). लोपेझ गेला पण दरवर्षी रेट कमी करून मागायची सवय जगभर राहिली. आपल्याकडेही 1991 नंतर स्पर्धा आली, कंपन्यांनी व्हेंडरची संख्या कमी केली, मोठे ते टियर वन, म्हणजे कंपनीला थेट माल देणारे, आणि भोसरीतले छोटे शेडवाले त्यांच्या खालचे टियर टू-थ्री झाले, म्हणजे ज्या साहेबाकडे थेट जायचे त्याच्या आणि यांच्या मधे अजून एक साहेब आला. मग ऑनलाइन रिव्हर्स ऑक्शन आलं, म्हणजे उलटा लिलाव, सगळ्यात कमी रेट देईल त्याला ऑर्डर, स्क्रीनवर रेट खाली उतरतोय आणि समोर कोण आहे ते माहीत नाही.

आता 1 फेब्रुवारी 1997 चं बघा. जपानमध्ये टोयोटाचा व्हेंडर आयसिन, त्याच्या कारिया प्लांटला आग लागली, टोयोटाला ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथूनच यायचा आणि हातात स्टॉक अगदी थोडाच, त्यामुळे टोयोटाच्या लाईनी थांबल्या. पण रेट न ठरवता बाकीचे व्हेंडर तो व्हॉल्व्ह बनवायला बसले, शिलाई मशीनवाली ब्रदर कंपनीसुद्धा, आणि आठवड्याभरात गाड्या परत निघायला लागल्या. रिव्हर्स ऑक्शनवर भेटलेला व्हेंडर असं करेल का, मला तरी वाटत नाही.

2011 च्या भूकंपानंतर टोयोटाने चिपवाल्यांना काही महिन्यांचा स्टॉक ठेवायला सांगितलं, आणि 2021 ला चिपची टंचाई आली तेव्हा सुरुवातीला तरी ते बाकीच्यांपेक्षा बरे तरले. म्हणजे ज्यांनी जस्ट इन टाइम शिकवलं तेच आता स्टॉक ठेवा म्हणायला लागले. करोनानंतर सगळेच 'पार्टनर' हा शब्द वापरतात. डिसेंबर 2020 ला जीएमचं तळेगावचं प्रॉडक्शन बंद झालं, अशा वेळी पार्टनरच्या शेडमधल्या टूलिंगचं, म्हणजे त्याच कंपनीच्या पार्टसाठी बनवलेल्या साच्या-डायांचं, काय होतं ते कुठल्या प्रेझेंटेशनमध्ये नसतं.

पैशाची बाजू कायद्याने ओढत आणावी लागली. उशिरा पेमेंटवर व्याजाचा कायदा 1993 चा, मग 2006 चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायदा, त्यात पेमेंटला जास्तीत जास्त 45 दिवस आणि लेखी करार नसेल तर 15, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. कागदावर एकदम कडक. पण तक्रार करायची कुणाविरुद्ध, तर ज्याच्याकडून पुढची ऑर्डर यायचीय त्याच्याविरुद्ध! म्हणून इन्कम टॅक्समध्ये 43बी(एच) हे कलम आलं, 1 एप्रिल 2024 पासून, म्हणजे 2023-24 च्या हिशोबालाच लागू, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, पैसे देशील त्या वर्षी धर. तक्रार न करता कंपनीच्या अकाउंट्सवाल्यालाच घाई होते, ही त्यातली खरी गंमत. मीडियम उद्योगाला मात्र हे लागू नाही, म्हणजे कंपन्या तिकडे वळतील ही भीती, त्यामुळे मार्च 2024 मध्ये बाजारात एकच चर्चा होती, लघुमधून रजिस्ट्रेशन काढून टाकू का म्हणजे ऑर्डर जाणार नाही.