बूट मेनू दिसेनासा झाला? आधी फॉरमॅट करू नका

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर कधीतरी अपडेटनंतर निवडीचा मेनू गायब होतो आणि थेट विंडोज उघडते. लिनक्स उडाले असे वाटते, पण फायली बहुतेक वेळा जागच्या जागी असतात.

यूईएफआय (संगणक सुरू करणारी मदरबोर्डवरची नव्या पद्धतीची प्रणाली) असलेल्या संगणकात प्रत्येक सिस्टिमचा बूट लोडर, म्हणजे ती सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, डिस्कच्या एका लहान फॅट-३२ भागात (ईएफआय पार्टिशनमध्ये), आपापल्या फोल्डरमध्ये असतो. आधी कोणता चालवायचा, तो क्रम मदरबोर्ड लक्षात ठेवतो. अपडेटनंतर अनेकदा तेवढा क्रमच बदललेला असतो. संगणक सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबा (कळ कंपनीनुसार बदलते) आणि बूट क्रमात लिनक्सची नोंद वर घ्या. ती नोंदच दिसत नसेल, तर ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूट लोडर, पुन्हा बसवावा लागतो.

काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' आले, तर ग्रब सुरू झाला आहे, पण त्याला स्वतःच्या फायली सापडत नाहीत. विंडोजमधून लिनक्सचे पार्टिशन पुसले किंवा पार्टिशनची मांडणी बदलली की हे हमखास होते. पार्टिशन पुसले गेले असेल, तर डिस्कवर नवीन काहीही लिहू नका. डेटा परत मिळण्याची आशा त्यावरच असते. पार्टिशन शाबूत असेल, तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स थेट चालते) लिनक्सचे मूळ पार्टिशन आणि ईएफआय पार्टिशन माउंट करून (जोडून), सीएचरूट या कमांडने डिस्कवरच्या लिनक्सच्या आत जाऊन ग्रब बसवता येतो. पेनड्राइव्ह मात्र यूईएफआय मोडमध्येच बूट करा. लेगसी (जुन्या बायोस) मोडमध्ये केलात, तर मदरबोर्डच्या यादीत नोंद होणार नाही. बहुतेकांचे घोडे इथेच अडते.

उलट तक्रारही येते: ग्रब दिसतो, पण त्यात विंडोज नाही. ग्रब २.०६ पासून इतर सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये तो सुरू करून 'अपडेट-ग्रब' चालवा.

विंडोजचे 'फास्ट स्टार्टअप' बंदच ठेवा. ते चालू असले की विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून त्या पार्टिशनवर लिहिणे धोक्याचे ठरते.

बूट क्रम किंवा सिक्युअर बूट (फक्त खात्रीच्या सहीचेच बूट लोडर चालू देणारी सोय) बदलण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बदलानंतर विंडोज ती मागू शकते, आणि ती नसेल तर तो डेटा आम्हालाही उघडता येत नाही. संगणक आमच्याकडे आणताना ही की आणि पडद्यावरच्या संदेशाचा फोटो सोबत ठेवा.