सिमेंटच्या पत्र्यातून उडणारी धूळ

जुन्या शेडच्या दुरुस्तीत सिमेंटचा पत्रा ग्राइंडरने कापला जातो, तेव्हा पांढुरकी धूळ कामगाराच्या पापण्यांवर, केसांवर आणि शर्टाच्या कॉलरवर बसते. ती सिमेंटचीच आहे असे समजून तो ती झटकतो आणि पुढचा पत्रा उचलतो. आपल्याकडच्या अशा बहुतेक जुन्या पत्र्यांत मात्र सिमेंटबरोबर ॲस्बेस्टॉसही असते.

हे खनिज उभे चिरत जाते आणि त्याचे अधिकाधिक बारीक तंतू होतात. डोळ्यांना न दिसणारे हे तंतू हवेत बराच काळ तरंगतात आणि श्वासाबरोबर फुफ्फुसात खोलवर पोहोचतात. तेथे बाहेरचा कण गिळून टाकणाऱ्या पेशी असतात. पण लांब तंतू पेशीत मावतच नाही, त्यामुळे पेशी मरते, दाह होत राहतो आणि मऊ फुफ्फुसात हळूहळू कठीण व्रण साठत जातो. यालाच ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. झालेला व्रण कोणत्याही औषधाने निघत नाही. याच तंतूंमुळे फुफ्फुसाचा आणि फुफ्फुसावरच्या आवरणाचा कर्करोगही होतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला त्यांतील पहिल्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

दक्षिण आफ्रिकेत निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्यातील, आवरणाचा कर्करोग झालेल्या ३३ रुग्णांची नोंद १९६० साली प्रसिद्ध झाली. त्यांतील काही जण खाणीत कधीच उतरले नव्हते. लहानपणी ते केवळ त्या परिसरात राहिले होते. म्हणूनच धुळीचे कपडे घरी आणून झटकणे मला फार चिंतेचे वाटते, कारण ती धूळ मग बायकामुलांच्या श्वासात जाते.

आवरणाचा कर्करोग बहुधा २० ते ४० वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतो. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो, कारखानाही बंद पडलेला असू शकतो. हे ओळखून सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत, जपण्याचा आदेश दिला. मला हा आदेश अतिशय दूरदृष्टीचा वाटतो, परंतु ठेकेदारामागे गावोगाव फिरणाऱ्या मजुराची नोंद मुळात होतच नाही. त्याला दम लागू लागला की दम्याची किंवा क्षयाची शंका आधी येते, आणि तीस वर्षांपूर्वी कापलेल्या पत्र्यांविषयी कोणी विचारल्याखेरीज तो स्वतःहून सांगत नाही.