मूल मारते, चावते, ढकलते तेव्हा
अडीच ते साडेपाच वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी आमच्या खेळगटाचे व पाळणाघराचे माहितीपत्रक

मूल आमच्याकडे येऊ लागल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत बहुतेक पालकांना आमचा एक तरी फोन जातो, की आज आपल्या मुलाला कोणी तरी चावले, किंवा आपल्या मुलाने कोणाला तरी ढकलले. या दोन्ही फोननंतर घरी काय घडते याचा आम्हाला आता चांगला अंदाज आला आहे. पहिल्या फोनवर ‘त्या मुलाचे नाव सांगा’ अशी मागणी होते. दुसऱ्या फोननंतर आई-वडील ओशाळतात, ‘घरी तर तो कोणाच्या वाटेला जात नाही’ असे आजी-आजोबा सांगतात आणि संध्याकाळी मुलाची उलटतपासणी सुरू होते. अशा प्रसंगी आम्ही काय करतो, ते का करतो आणि त्याला घरून कोणती जोड मिळावी लागते, हे सांगण्यासाठी हे पत्रक काढले आहे.

या वयात मुले हात का उगारतात

‘हा मारायला शिकला कुठून?’ असे आम्हाला वारंवार विचारले जाते. कॅनडातील संशोधक रिचर्ड त्रांब्ले यांनी मुलांची वर्षानुवर्षे पाहणी करून हा प्रश्नच फिरवला. त्यांचे म्हणणे असे, की मारणे कोणाला शिकवावे लागत नाही. हात आवरणे मात्र शिकावे लागते. ढकलणे, हिसकावणे, मारणे हे प्रकार साधारण दोन ते चार वर्षांच्या दरम्यान सर्वाधिक दिसतात आणि हवे ते मिळवण्याचे दुसरे मार्ग हाती येत जातात तसतसे बहुतेक मुलांमध्ये शाळेच्या वयापर्यंत ते ओसरतात.

हे दुसरे मार्ग अडीच-तीन वर्षांच्या मुलाजवळ अजून नसतात. पोटात राग उसळतो तेवढ्या वेगाने तोंडात शब्द येत नाही, पण दात आणि हात जागच्या जागी तयार असतात. समोरच्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळे काही असू शकते, हे मुलाला नीटसे उमगायला चौथे वर्ष उजाडते. तोपर्यंत ‘त्याला कसे वाटले असेल?’ हा आपला आवडता प्रश्न त्याच्या डोक्यावरून जातो.

काही पालकांची तक्रार वेगळी असते : आपले मूल दुसऱ्यांच्या शेजारी बसते, पण त्यांच्याबरोबर खेळत नाही. अमेरिकेतील संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी 1932 साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत या शेजारी-शेजारी चालणाऱ्या खेळाची नोंद आहे. मिळून, कामे वाटून घेऊन खेळणे त्यानंतरचे. दोन मुले पाठीला पाठ लावून आपापले ठोकळे रचत असतील, तर ती एकलकोंडी आहेत असे मानून त्यांना एकत्र बसवण्याची घाई करू नये. बहुतेक भांडणे अशा घाईतूनच होतात, असा आमचा अनुभव आहे.

भातुकलीच्या कोपऱ्यातला एक प्रसंग

आमच्याकडे भातुकलीत एकच लोखंडी कढई आणि एकच झारा आहे. (दोन का आणत नाही, असे पालक विचारतात. काही वस्तू आम्ही मुद्दाम एकच ठेवतो, कारण वाट पाहण्याचा सराव करायला निमित्त लागते.) पावणेतीन वर्षांच्या एका मुलाला झारा हवा होता आणि तो एका मुलीच्या हातात होता. त्याने ओढला, तिने सोडला नाही, आणि पुढच्या क्षणी त्याचे दात तिच्या मनगटावर उमटले.

ताई आधी मुलीकडे गेल्या. जागा साबणाने व पाण्याने धुतली, गार पाण्यात पिळलेला रुमाल ठेवला, तिला मांडीवर घेतले. चावणारा मुलगा तेवढा वेळ जवळच उभा होता. त्याच्याकडे कोणी ओरडून धावले नाही, कारण चावल्याबरोबर सगळी मोठी माणसे आपल्याभोवती गोळा होतात हे मुलाच्या लगेच ध्यानात येते. मग ताई त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि थोडक्यात बोलल्या : ‘चावायचं नाही. तिला दुखलं. तुला झारा हवा होता. हात पुढे कर आणि म्हण, मला दे ना.’ त्याने मान फिरवली. त्या दिवशी तो काही बोलला नाही, आणि त्या आठवड्यात आणखी दोनदा चावला. त्यातला एक चावा ताईंच्या दंडावर होता.

त्यानंतर सुमारे महिनाभर तो भातुकलीत गेला, की एक ताई हाताच्या अंतरावर बसत. ओठ आवळून तो पुढे झुकू लागला, की त्या त्याचा तळहात हळूच उताणा करून ‘मला दे ना’ हे शब्द त्याच्या वतीने म्हणत. एके दिवशी त्याने आपणहून हात पुढे केला आणि ‘मना दे’ म्हटले. मुलीने झारा दिला नाही! पण तो चावला नाही, आणि ‘हिची भजी झाली की तुझी पाळी’ हे ऐकून कढईशेजारी बसून राहिला. आमच्या कामाची गती साधारण अशी असते, म्हणून दोन आठवड्यांत फरक पडण्याचे आश्वासन आम्ही कोणालाही देत नाही.

आम्ही काय करत नाही

आम्ही ‘सॉरी म्हण’ असा हट्ट धरत नाही. तीन वर्षांच्या मुलाला तो शब्द चटकन पाठ होतो, आणि मारून झाल्यावर लगेच म्हणायचा मंत्र म्हणून मूल तो वापरू लागते. त्याऐवजी पाडलेला मनोरा पुन्हा रचायला हात लावणे, रुमाल आणून देणे, असे एखादे काम आम्ही देतो. पूर्वी आमच्याकडे एक ‘शांत खुर्ची’ होती. मुलेच एकमेकांना ‘तुला खुर्चीत बसवीन’ असे धमकावू लागल्यावर आमची चूक आम्हाला कळली आणि खुर्ची माळ्यावर गेली. आता खिडकीपाशी एक सतरंजी आणि दोन उशा आहेत. तेथे कोणाला पाठवले जात नाही, ज्याला हवे ते मूल ताईंबरोबर जाऊन बसते.

तेथेच आम्ही ‘कासव’ शिकवतो. 1970 च्या दशकात अमेरिकेत रागीट मुलांसाठी ही युक्ती रचली गेली : राग आला की कासवासारखे अंग आत घ्यायचे, सावकाश श्वास घ्यायचा आणि मग काय करायचे ते ठरवायचे. ती मूल शांत असताना, गोष्टीतून आणि खेळातून, रोज शिकवावी लागते. ऐन रागात ‘कासव हो’ म्हणून ओरडल्यास मूल आपल्यालाच कासवासारखे चावते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

घरी काय करावे

मूल पडले, की आपल्याकडे घरोघरी जमिनीला चापट मारली जाते : ‘हात रे! बाळाला लागलं ना? घे, जमिनीला मारलं.’ यामागची माया आम्हाला समजते. परंतु दुखले की कोणाला तरी मारायचे, हा त्यातून मिळणारा पहिला धडा असतो आणि तो मूल फार नेमका उचलते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1961 साली स्टॅनफर्ड येथे तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांना, एक मोठे माणूस फुगवलेल्या बाहुल्याला ठोसे मारताना दाखवले. नंतर त्या मुलांनी बाहुल्याला तसेच मारले, आणि तोंडी शब्दही तेच होते. त्या मानाने ‘मुंगी मेली बघ’ हे जुने वाक्य आम्हाला कमी घातक वाटते, पण ‘लागलं का? कुठे लागलं?’ एवढे विचारले तरी मुलाचे रडणे थांबते.

हाच नियम धपाट्याला लागू आहे. भावंडाला मारल्याबद्दल मुलाला मारले, तर मारणे मोठ्यांना चालते एवढेच त्याला कळते. ‘कोणी मारले तर तूही दे एक ठेवून’ हा सल्लाही कृपया देऊ नये. आपले मूल मार खाऊन गप्प बसेल, ही त्यामागची काळजी खरी आहे. म्हणून आम्ही प्रत्येक मुलाला हात आडवा धरून मोठ्याने ‘नाही, मला आवडत नाही’ असे म्हणायला आणि ताईंकडे यायला शिकवतो. भित्र्या मुलांकडून हे आम्ही विशेष घोटून घेतो.

मुलासमोर त्याला ‘मारकुटा’, ‘दांडगट’ म्हणू नये, कौतुकानेही नाही. संध्याकाळी फोनवर त्याची तक्रार मामाला सांगताना ते पलीकडच्या खोलीत खेळत असले, तरी त्याचे कान इकडेच असतात.

झोप आणि भूक यांकडे लक्ष असावे. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला 10 ते 13 तास झोप हवी आणि पडद्यासमोरचा वेळ 1 तासाच्या आत असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले आहे. आमच्याकडची बरीच भांडणे डबा उघडण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात होतात, म्हणून आम्ही डब्याची वेळ अलीकडे आणली. रात्री उशिरापर्यंत जागलेले मूल सकाळी आत येतानाच ओळखू येते. अशा दिवशी दारातच ताईंना तसे सांगितल्यास त्या त्याला गर्दीच्या खेळापासून दूर ठेवू शकतात.

खेळणी विकत आणण्यापेक्षा आपले जुने खेळ खेळावेत, असे आम्ही आग्रहाने सांगतो. ‘चिमणी भुर्र, कावळा भुर्र, म्हैस भुर्र’ यात म्हशीच्या वेळी बोट खालीच ठेवणे म्हणजे उसळलेला हात आवरण्याचा सराव असतो. ‘शिवाजी म्हणतो’ आणि ‘स्टॅच्यू’ या खेळांतही तेच घडते. साडेतीन वर्षांखालील मुले म्हशीलाही उडवतात. त्यांना बाद करू नये, हसून पुढे जावे. चार वर्षांपुढे सापशिडीत हरण्याची सवय लावावी, आणि आजोबांनी दर वेळी मुद्दाम हरू नये.

घरातली कामेही याच जातीची आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे मुलांच्या परिसरातल्या वस्तूंवर आणि कामांवर बालशिक्षण उभे केले. आम्हीही चटया दोघांनी मिळून घालायला देतो, कारण एका टोकाने ओढले की दुसरे टोक सुटते. घरी मटार सोलणे, ताटे मांडणे, धुतलेल्या कपड्यांतले मोजे जुळवणे ही कामे भावंडांना मिळून द्यावीत.

तज्ज्ञांचा सल्ला केव्हा घ्यावा

घरी आणि खेळगटात एकसारखे प्रयत्न करूनही काही महिन्यांत मारणे कमी होत नसेल, मूल स्वतःला किंवा प्राण्यांना इजा करत असेल, तीन वर्षे पूर्ण होऊनही दोन-तीन शब्द जोडून बोलत नसेल, हाकेला प्रतिसाद देत नसेल किंवा आधी येत असलेले बोलणे मागे पडले असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि कानांची तपासणी करून घ्यावी. कमी ऐकू येणारे मूल हट्टी समजले जाते, हे आम्ही पाहिले आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे चालतात व तेथे तपासणी विनामूल्य होते. आम्ही निदान करत नाही. आमच्या नोंदी मात्र डॉक्टरांना दाखवण्यासाठी लिहून देतो.

काही नियम

चावा, ओरखडा किंवा टेंगूळ आल्यास त्याच दिवशी फोन केला जातो. कातडी फाटली असल्यास डॉक्टरांना दाखवावे. दुसऱ्या मुलाचे नाव सांगितले जात नाही, आणि उद्या आपले मूल त्या जागी असेल तेव्हा त्याचेही सांगितले जाणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर अशा प्रसंगांची चर्चा करू नये. ताईंशी बोलण्यासाठी शनिवारची सकाळ राखून ठेवली आहे.

प्रवेश अर्जाचे मागचे पान कोरे ठेवले आहे. पाणी, शू, भूक, नको, माझे यांसाठी आपले मूल घरी जे शब्द वापरते ते, बोबडे असले तरी, तेथे जसेच्या तसे लिहून द्यावेत, म्हणजे पहिल्या दिवशी ते ‘मम्मं’ म्हणाले की त्याला पाणी द्यायचे की डबा, हे ताईंना आधीच माहीत असेल.