अ‍ॅलिगेटर डोह

अ‍ॅलिगेटर डोह : अमेरिकेतील दक्षिण फ्लॉरिडाच्या एव्हरग्लेड्स या पाणथळ प्रदेशात अमेरिकन अ‍ॅलिगेटरने (अ‍ॅलिगेटर मिसिसिपिएन्सिस) राखलेला, कोरड्या ऋतूतही पाणी धरून ठेवणारा खळगा. भक्षक व भक्ष्य यांच्या निकट सहवासाचे उदाहरण म्हणून परिस्थितिविज्ञानात त्याला महत्त्व आहे. मराठीत अ‍ॅलिगेटरला सर्रास मगर म्हणतात. मात्र कृष्णा किंवा वाशिष्ठी नदीतील मगर वेगळ्या कुलातील असून जबडा मिटल्यावरही तिचा खालचा चौथा दात बाहेर दिसतो, अ‍ॅलिगेटरचा दिसत नाही.

हा डोह नेमका कोण घडवतो, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. अ‍ॅलिगेटर मुस्कटाने व शेपटीने गाळ, मुळे आणि वनस्पती बाहेर लोटतो, हे निरीक्षणसिद्ध आहे. परंतु अनेक ठिकाणी तळाचा चुनखडक विरघळून मूळ खळगा आधीच तयार झालेला असतो. निसर्ग-अभ्यासक फ्रँक क्रेगहेड यांनी १९६८ मध्ये या प्राण्याच्या वनस्पतिसमूहांवरील प्रभावाचे विवेचन केले, तेव्हापासून त्याच्याकडे भूरचना घडवणारा घटक म्हणून पाहिले जाते. तरीही बऱ्याच डोहांबाबत त्याला निर्मात्यापेक्षा राखणदार म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते, कारण त्याने सोडलेला डोह वनस्पतींनी व गाळाने हळूहळू भरून येतो. बाहेर टाकलेल्या गाळाचा काठ उंचावतो आणि त्यावर विलोसारखी झाडे वाढतात.

साधारणतः नोव्हेंबर ते मे या काळात भोवतालचे पाणी ओसरू लागले की मासे, क्रेफिश, गोगलगायी व कासवे डोहात गोळा होतात आणि त्यांच्यामागे बगळे व शराटी येतात. यांतील काहींना अ‍ॅलिगेटर खातो. पण तो शीतरक्ताचा असल्याने त्याची अन्नाची गरज सस्तन भक्षकाच्या मानाने थोडी असते. उरलेले जीव पावसाळ्यात पुन्हा दलदलीत पसरतात.

पाणपक्ष्यांच्या वसाहतींत हा सहवास अधिक गुंतागुंतीचा होतो. खाली अ‍ॅलिगेटर असलेल्या बेटांवरील घरट्यांपर्यंत रॅकून (अंडी व पिले खाणारा एक सस्तन प्राणी) सहसा पोहोचत नाहीत. उलट बगळे जगवता येतील त्याहून अधिक अंडी घालतात आणि खाली पडलेली दुबळी पिले अ‍ॅलिगेटरच्या तोंडी जातात. वसाहतींजवळच्या अ‍ॅलिगेटरांची शरीरस्थिती अधिक चांगली असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. याच संदर्भात एक वाद आहे. प्राणिशास्त्रज्ञ व्लादिमिर दिनेट्स व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये असे मांडले की, घरटी बांधण्याच्या हंगामात लुइझियानातील अ‍ॅलिगेटर, तसेच चेन्नईजवळील मद्रास क्रोकोडाइल बँकेतील मगरी, मुस्कटावर काटक्या तोलून पक्ष्यांना भुलवतात. पुढील प्रायोगिक चाचणीत मात्र वसाहतींच्या सान्निध्याशी या वर्तनाचा अपेक्षित संबंध दिसला नाही. त्यामुळे हेतुपुरस्सर आमिषाचा निष्कर्ष तूर्त राखूनच स्वीकारावा लागतो.

फ्लॉरिडातील लाल पोटाचे कूटर कासव अ‍ॅलिगेटरच्या कुजत्या पालापाचोळ्याच्या घरट्यातच आपली अंडी घालते. अ‍ॅलिगेटरची मादी घरट्याची राखण करते, तिचा लाभ या अंड्यांनाही मिळतो.

विसाव्या शतकात कालवे खणून या पाणथळ प्रदेशातील पाणी काढून टाकल्यानंतर अनेक अ‍ॅलिगेटर कालव्यांत राहू लागले. कालव्याच्या खोल, उभ्या कडांच्या पाण्यात बगळ्यांना उभे राहून मासे टिपता येत नाहीत.