एनआयसीयूत आईबाबांनाही काम हवं असतं

बाळ एनआयसीयूत म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, बाळंतीण टाके सांभाळत दुसऱ्या मजल्यावर, बाबा चिठ्ठी घेऊन मेडिकलच्या रांगेत, आणि सुदामानगरच्या घरी आजी विचारात, पाचवी पुजायची की थांबायचं? इंदूरच्या मराठी घरांना हे चित्र नवं नाही. अशा वेळी सगळे आईला म्हणतात, 'तू फक्त आराम कर.' मला वाटतं, तिला नेमकं हेच नको असतं.

अमेरिकेतल्या परिचर्या-संशोधक मार्गारेट माइल्स यांनी १९९३ साली सहकाऱ्यांसोबत या पालकांचा ताण मोजणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. पुढे ती अनेक देशांत वापरली गेली. यंत्रांचा, नळ्यांचा धसका असतोच. पण बहुतेक ठिकाणी जास्त सलतं ते बाळासाठी आपल्याला काहीच करता न येणं.

खरं तर करण्यासारखं पुष्कळ असतं. पहिला चीक हाताने काढून द्यायचा, मग तो दोन मिली का असेना. नळीवाटे तो बाळाच्या पोटात जातो. ताणामुळे दुधाचा पान्हा अडतो, बाळाजवळ बसल्यावर सुटायला मदत होते. दुसरं काम कांगारू केअरचं. नुसत्या लंगोटातलं बाळ उघड्या छातीशी उभं धरायचं आणि वरून पांघरायचं. हे बाबांनाही जमतं. भारतासह पाच देशांत १ ते १.८ किलोच्या बाळांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच हे सुरू केलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. त्यासाठी आईची खाट बाळाच्या कक्षातच होती. आपल्या आरोग्य मंत्रालयानेही २०१७ मध्ये पालकांना शिकवून काळजीत सामील करून घेण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या.

शिकवणं म्हणजे साध्या शब्दांत सांगणंही. मॉनिटर वाजला की आईच्या पोटात गोळा येतो. पुष्कळदा बाळाने पाय झाडलेला असतो आणि पायाला गुंडाळलेला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर सरकलेला असतो. सिस्टरनी एकदा दाखवलं, की आई आधी बाळाचा रंग आणि श्वास बघायला शिकते.

घरी सोडतानाही तेच हवं. मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, दूध ओढेनासं होणं, अंग गार पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच आणा, असं कागदावर मराठीत किंवा हिंदीत लिहून, सोबत रात्री उचलला जाणारा फोन नंबर.