आजारी फळझाड ठेवायचं की काढायचं?

पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या आवारात लिंबू, पेरू, चिकू, आंबा यांपैकी एखादं तरी झाड असतंच. ते पिवळं पडलं, फळं गळायला लागली की आपण वर पानांकडे बघतो आणि खाली खत घालतो. पण झाडाचं जगणं-मरणं बऱ्याचदा ठरतं ते जमिनीलगतच्या वीतभर बुंध्यात. तपासणी तिथून सुरू करावी.

खोडाचा मधला भाग हे मृत लाकूडच असतं. म्हणून तर आतून पोकळ झालेला आंबाही वर्षानुवर्षं फळं देतो. खरा जीव असतो सालीखालच्या पातळ थरात. त्याच्या आतल्या बाजूच्या लाकडातून मुळांनी शोषलेलं पाणी वर चढतं आणि बाहेरच्या सालीतून पानांनी तयार केलेली साखर मुळांकडे उतरते. बुंध्याची साल चहूबाजूंनी कुजली तरी पाणी काही काळ चढतच राहतं, त्यामुळे पानं हिरवी दिसतात. उपाशी मरत असतात ती मुळं. त्यांचा साठा संपला की झाड एकाएकी वाळतं आणि आपल्याला वाटतं, परवापर्यंत तर ठणठणीत होतं!

बुंध्याजवळची माती हलक्या हातानं दूर करून साल नखानं किंचित खरवडावी. खाली हिरवट ओलावा दिसला तर तो भाग जिवंत. तपकिरी, कोरडा किंवा कुजका दिसला तर मेलेला. असं घेरभर बघावं. एक तृतीयांशापेक्षा कमी साल गेली असेल तर झाड जरूर वाचवावं. निम्म्याहून जास्त गेली असेल तर सहसा नवं रोप बरं.

मधल्या अवस्थेत झाड कोणतं, यावर निर्णय ठरतो. पपई वर्षभरात फळाला येते. तिच्या विषाणूजन्य रोगावर औषध नाही आणि मावा तो रोग शेजारच्या झाडांवर नेतो, म्हणून ती लगेच उपटावी. कलमी आंबा धरायलाच चार-पाच वर्षं घेतो, डेरेदार व्हायला त्याहून कितीतरी जास्त. त्याच्यासाठी मी शेवटपर्यंत झटेन. खोडातून भुसा पडत असेल तर आत भिरुडाची अळी आहे. भोकात तार घालून ती काढावी आणि भोक चिखलानं लिंपावं.

लिंबाच्या बुंध्यातून डिंक येत असेल तर तो डिंक्या, फायटोप्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जिवाचं काम. बुंध्याशी साचणारं पाणी त्याला हवंच असतं, आणि खोडाला चिकटून बसवलेले पेव्हिंग ब्लॉक ती सोय करून देतात. आधी ते उचलावेत. कुजकी साल खरवडून 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना आणि 1 लिटर पाण्याची बोर्डो पेस्ट लावावी. दुहेरी आळं करून पाणी बाहेरच्या आळ्यात द्यावं. हे न करता झाड काढून त्याच खड्ड्यात नवं लिंबू लावलं, तर तेही त्याच वाटेनं जाईल, कारण रोग मातीत टिकून राहतो.

झाड काढायचंच ठरलं तर, ते खासगी आवारातलं असलं तरी, 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागते. वाचवायचं ठरलं तर जिवंत सालीची कड रंगानं आखून ठेवावी. पावसाळा संपताना त्या कडेवर नव्या सालीची गोलसर वळी दिसली, तर झाड जखम झाकू लागलं आहे. रेघेपलीकडेही साल काळी पडत गेली असेल, तर परवानगीचा अर्ज करावा.